कर्मकाल आणि हिवाळी टायर

एखादे कर्म करावे की करू नये, या प्रश्नाची नीतिशास्त्रात जेवढी विस्ताराने चर्चा झाली आहे, तेवढी, करावयाचेच म्हणून ठरलेले कर्म नेमके केव्हा करावे, या प्रश्नाची झालेली दिसत नाही. काळाचा प्रश्न हा तपशिलाचा, सोयीचा किंवा फार तर व्यवहारचातुर्याचा मानून बाजूला ठेवला जातो. आणि तरीही ज्या चुकांमुळे माणसे प्राणाला मुकतात, त्यांपैकी कितीतरी चुका अयोग्य कर्म केल्याच्या नसून योग्य कर्म उशिरा केल्याच्या असतात. जर्मनीत दर वर्षी शरद ऋतू उतरणीला लागला की मोटारीचे उन्हाळी टायर काढून हिवाळी टायर केव्हा चढवावेत, हे प्रत्येक वाहनधारकाला ठरवावे लागते. हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजमधला असला, तरी जे अजून आलेले नाही त्याच्याविषयी आज किती बांधील राहावे, आणि हवामानाविषयीच्या आपल्या अज्ञानाचा भार कोणाच्या जिवावर टाकावा, हा त्याचा गाभा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहणे आवश्यक आहे. हिवाळी टायर म्हणजे केवळ खोल खाचांचा टायर नव्हे. रबर हे तापमानानुसार स्वभाव बदलणारे द्रव्य आहे. उन्हाळी टायरचे मिश्रण तापलेल्या डांबरावर घट्ट राहावे अशा बेताने केलेले असते, त्यामुळे थंडीत ते ताठर होते आणि रस्त्याच्या सूक्ष्म खडबडीतपणात रुतून बसण्याची त्याची शक्ती घटते. हिवाळी टायरचे मिश्रण गोठणबिंदूखालीही लवचीक राहील असे बनवलेले असते आणि त्याच्या पृष्ठभागावर असंख्य बारीक चिरा असतात, ज्यांच्या कडा हिमाला, म्हणजे भुसभुशीत पडलेल्या बर्फाला, धरून ठेवतात. कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीचे माप, सुमारे ०.८ असतो, दाबल्या गेलेल्या हिमावर तो ०.२ ते ०.३ पर्यंत खाली येतो आणि वितळू लागलेल्या गुळगुळीत बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी होतो. गाडी थांबायला लागणारे अंतर या मापाच्या व्यस्त प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, जो चालक कोरड्या रस्त्यावर सहज थांबला असता, तोच चालक त्याच वेगाने बर्फावर कित्येक पट पुढे घसरत जातो. हिवाळी टायर ही घसरण नाहीशी करीत नाही, कमी करतो. परंतु रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या दृष्टीने त्या कमी होण्यातच सर्व काही असते.

तापमान ७ अंश सेल्सियसखाली उतरू लागले की टायर बदलावेत, असा एक ढोबळ नियम युरोपात सर्वत्र सांगितला जातो. या आकड्याला निसर्गनियमाचा दर्जा देता येत नाही, कारण रबर एका अंशावर मऊ आणि त्याच्या खालच्या अंशावर कठीण असे होत नाही. ते हळूहळू ताठरत जाते, आणि किती ताठरते हे त्याच्या मिश्रणावर अवलंबून असते. जर्मन लोकांचा दुसरा नियम आकड्याचा नसून दिनदर्शिकेचा आहे: ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत हिवाळी टायर ठेवावेत. जर्मन भाषेत ऑक्टोबर आणि ईस्टर ही दोन्ही नावे एकाच अक्षराने सुरू होत असल्याने हा नियम तोंडी बसला आहे. त्याचा पूर्वार्ध सौर महिन्याला आणि उत्तरार्ध चंद्राला बांधलेला आहे, कारण ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा हा सण चर्चच्या गणनेप्रमाणे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढील रविवारी येतो आणि त्यामुळे २२ मार्च ते २५ एप्रिल एवढ्या अवधीत मागेपुढे सरकतो. २००८ साली तो २३ मार्चला होता, २०२५ साली २० एप्रिलला. बव्हेरियातील हिम पौर्णिमेची वाट पाहत नाही हे उघड आहे. तरीही या नियमाला केवळ अडाणी रूढी म्हणणे अन्यायाचे होईल. सणाशी बांधलेला काळ समाजाच्या स्मरणात राहतो, आणि स्मरणात राहणारा ढोबळ नियम विसरल्या जाणाऱ्या अचूक नियमापेक्षा अनेकदा जास्त जीव वाचवतो.

कायद्याने मात्र निराळी वाट धरली, आणि तिचा इतिहास तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावा असा आहे. २००६ पासून जर्मन वाहतूक नियमावलीत वाहनाची सज्जता हवामानाला अनुरूप असावी आणि टायर त्यासाठी योग्य असावेत, एवढेच म्हटले होते. ओल्डेनबुर्ग येथील उच्च प्रादेशिक न्यायालयाने २०१० च्या जुलैमध्ये ही तरतूद घटनाविरोधी ठरवली, कारण ज्या कृत्यासाठी दंड होणार ते कृत्य कोणते, हे नागरिकाला आधीच निश्चितपणे कळले पाहिजे, ही घटनेची अट होती आणि ‘योग्य’ या शब्दातून ती पूर्ण होत नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवा नियम आला. त्यानेही तारीख दिली नाही. रस्त्यावर गोठलेल्या पाण्याची निसरड, दाबलेले हिम, हिमाचा चिखल, बर्फ किंवा गोठलेले दंव असेल तेव्हा हिवाळी टायरशिवाय वाहन चालवता येणार नाही, असे त्याने सांगितले. आज हा नियम मोडणाऱ्याला ६० युरो दंड होतो आणि त्याच्या नावावर एक दोषगुण नोंदला जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण अशी खूण असलेलाच टायर या कामी ग्राह्य धरला जातो. कॅनडातील क्वेबेक प्रांताने याच्या उलट तारखेचा मार्ग स्वीकारला: तेथे हिवाळी टायरची सक्ती पूर्वी १५ डिसेंबरपासून सुरू होत असे आणि २०१९ पासून ती १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत असते, मग त्या दिवशी आकाश निरभ्र असो वा नसो.

या दोन मार्गांत कोणता श्रेष्ठ, याचे सरधोपट उत्तर नाही. तारखेचा नियम आळशी माणसालाही सावध करतो, पण नोव्हेंबरच्या मध्यावर आलेल्या हिमाविषयी तो मौन पाळतो. आणि ज्याने नियम पाळला त्याला आपले कर्तव्य संपले असा खोटा दिलासा देतो. स्थितीचा नियम सत्याशी अधिक प्रामाणिक आहे, परंतु निर्णयाचा भार तो चालकाच्या विवेकावर टाकतो. अॅरिस्टॉटलने नीतिविषयक ग्रंथाच्या दुसऱ्या भागात म्हटले आहे की आचरणाच्या क्षेत्रात स्थिर असे काही नसते, आणि वैद्यकात व नौकानयनात असते तसे येथेही कर्त्यालाच प्रसंग पाहून काय उचित ते ठरवावे लागते. हे खरे असले तरी अपुरे आहे, कारण प्रसंग पाहावा म्हणजे नेमके काय पाहावे, हे त्यातून कळत नाही. पहाटेचे तापमान पाहावे की दुपारचे, हवेचे की रस्त्याचे, आजचे की पुढल्या आठवड्याचे?

या जागी भारतीय धर्मशास्त्राची एक शाखा अनपेक्षितपणे उपयोगी पडते. कालनिर्णय, म्हणजे व्रत, श्राद्ध किंवा उत्सव कोणत्या दिवशी करावा याचा निश्चय, हा विषय देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात विस्ताराने हाताळला, कमलाकरभट्टाने १६१२ साली निर्णयसिंधूत त्याची व्यवस्था लावली आणि पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायाने अठराव्या शतकाच्या अखेरीस धर्मसिंधूत त्याचे सुलभ रूप दिले. अडचण अशी होती की तिथी ही चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतरावर ठरत असल्याने ती सूर्योदयाला सुरू होऊन सूर्योदयाला संपत नाही. एकच तिथी दोन दिवसांना थोडी थोडी स्पर्श करते, आणि मग व्रत पहिल्या दिवशी करावे की दुसऱ्या, असा संशय उभा राहतो. शास्त्रकारांनी हा संशय कोणत्या दिवशी तिथी जास्त वेळ आहे हे मोजून सोडवला नाही. त्यांनी विचारले की जे कर्म करावयाचे आहे त्याचा स्वतःचा काळ कोणता, आणि त्या काळाला तिथी व्यापते की नाही. म्हणून गणेशचतुर्थीला मध्याह्नी असणारी चतुर्थी घ्यावयाची, लक्ष्मीपूजनाला सूर्यास्तानंतरच्या प्रदोषकाळी असणारी अमावास्या आणि महाशिवरात्रीला मध्यरात्री, म्हणजे निशीथकाळी, असणारी चतुर्दशी. या तत्त्वाला कर्मकालव्याप्ती असे नाव आहे. काळ हा स्वतःहून शुभ वा अशुभ, योग्य वा अयोग्य नसतो, तर अमुक कर्माच्या संदर्भात योग्य असतो, ही त्यामागची दृष्टी आहे, आणि या शास्त्राला निव्वळ कर्मकांड समजणाऱ्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले आहे.

हे तत्त्व टायरच्या प्रश्नाला लावले की त्याचे धुके बरेचसे विरते. दिवसाचे सरासरी तापमान ९ अंश आहे की ६, हा विचारायचा प्रश्नच नव्हे. वाहन रस्त्यावर ज्या घटकेला असणार, त्या घटकेला रस्ता कसा असेल, हा प्रश्न आहे. म्युनिकच्या दक्षिणेला एखाद्या खेड्यातून पहाटे पाच वाजता रुग्णालयातील पाळीसाठी निघणारी परिचारिका आणि त्याच रस्त्याने दुपारी बारा वाजता बाजाराला जाणारा निवृत्त गृहस्थ यांच्यासाठी एकाच ऑक्टोबरातले तेच दिवस निराळे आहेत: तिच्यासाठी हिवाळा तीन आठवडे आधी येतो. निरभ्र रात्री रस्ता आपली उष्णता आकाशाला देऊन टाकतो आणि हवेपेक्षा थंड होतो, त्यामुळे हवेचे तापमान २ किंवा ३ अंश असतानाही रस्त्यावर गोठलेले दंव धरू शकते. अनेक मोटारींत सुमारे त्याच तापमानाला निसरडीचा इशारा उमटतो तो याच कारणाने. पुलाखालूनही थंड हवा वाहत असल्याने पूल जमिनीवरच्या रस्त्याच्या आधी गोठतात. तेव्हा कर्मकालात केवळ घटका मोजून भागत नाही, मार्गही मोजावा लागतो. पुण्यामुंबईत वर्षभर एकाच टायरवर गाडी चालवून स्टुटगार्ट किंवा म्युनिक येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला हा हिशेब नव्याने शिकावा लागतो, परंतु त्यासाठी लागणारे विचाराचे साधन त्याच्या आजीच्या पंचांगात पूर्वीपासून होते.

येथपर्यंतचा विचार एका मर्यादेपाशी येऊन अडतो. व्रताच्या बाबतीत कर्मकाल आला की कर्म करता येते. टायरच्या बाबतीत कर्मकाल आला की कर्म करण्याची वेळ टळून गेलेली असते. पहिले हिम पडते त्या सकाळी सर्व गॅरेजचे दूरध्वनी एकाच वेळी वाजू लागतात आणि मिळणारी वेळ दोन-तीन आठवडे पुढची असते. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्माने युधिष्ठिराला सांगितलेली तीन माशांची कथा या भेदावरच उभी आहे. येणाऱ्या संकटाची आधीच तरतूद करणारा अनागतविधाता, प्रसंग येताच तल्लख बुद्धीने मार्ग काढणारा प्रत्युत्पन्नमती आणि चालढकल करणारा दीर्घसूत्र असे ते तीन मासे. कोळी तळ्याचे पाणी बाहेर काढू लागले तेव्हा पहिला आधीच निघून गेला, दुसरा दोरी तोंडात धरून ओवला गेल्याचे भासवून वाचला आणि तिसरा मेला. भीष्माच्या कथेत पहिले दोघेही सुखरूप राहतात, आणि म्हणून प्रत्युत्पन्नमतीचा मोह टिकून राहतो. आपण वाहन चांगले चालवतो, बर्फ दिसला तर वेग कमी करू, असे म्हणणारा चालक त्याच माशाचा अनुयायी आहे. परंतु डांबरावर धरलेला बर्फाचा पारदर्शक थर दिसतच नाही, आणि चाकाची पकड सुटल्यानंतर बुद्धीला काम करण्यासाठी जी साधने लागतात, म्हणजे ब्रेक आणि स्टिअरिंग, तीच निकामी झालेली असतात. प्रसंगावधान हा गुण तेव्हाच गुण ठरतो जेव्हा प्रसंग माणसाला अवधान देतो; जेथे तो देत नाही तेथे प्रत्युत्पन्नमती आणि दीर्घसूत्र यांच्यात फरक उरत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो धार्मिक आहे. उद्याची चिंता करू नका, असा उपदेश येशूने मत्तयच्या शुभवर्तमानात केला आहे. आणि न आलेल्या संकटासाठी सतत तरतूद करीत राहणे म्हणजे भविष्यावर मालकी सांगण्याचा अहंकार नव्हे काय? थॉमस अॅक्वायनस या तेराव्या शतकातील धर्मचिंतकाने या आक्षेपाला दिलेले उत्तर फार सुंदर आहे. प्रत्येक काळाला त्याची स्वतःची काळजी असते, असे तो सांगतो: कापणीची काळजी उन्हाळ्याची आणि द्राक्षे उतरवण्याची काळजी शरदाची, जो उन्हाळ्यातच द्राक्षांच्या चिंतेने झुरतो तो पुढच्या काळाची काळजी विनाकारण ओढून घेतो, आणि निषिद्ध आहे ती एवढीच. पतंजलीच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातही जे दुःख अजून आलेले नाही तेच टाळण्याजोगे मानले आहे, कारण भोगून झालेले टाळता येत नाही आणि भोगत असलेले टाळण्याची वेळ गेलेली असते. दोन्ही परंपरांचा सूर जुळतो: चिंता आणि तरतूद या एक नव्हेत. किंबहुना ज्याने ऑक्टोबरच्या पूर्वार्धात गॅरेजची वेळ ठरवली आहे, त्यालाच नोव्हेंबरच्या प्रत्येक रात्री आकाशाकडे पाहत बसावे लागत नाही.

तरीही मूळ संशय राहतोच, कारण हिम या वर्षी केव्हा पडेल हे कोणालाच ठाऊक नसते, आणि संशयात असताना काय कर्तव्य, याचा निर्णय काळाच्या विचाराने होत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी मृग लागल्यावर पहिल्याच सरीवर पेरणी करावी की ७५ ते १०० मिलिमीटर पावसाची वाट पाहावी, या पेचात दर जूनमध्ये सापडतो. चुकला तर दुबार पेरणीचा बोजा त्याच्या स्वतःच्या डोक्यावर येतो. आपल्या हानीची जोखीम पत्करण्याचा अधिकार माणसाला आहे, आणि त्या धाडसाचा आदरच केला पाहिजे. मोटारीचा चालक मात्र जी जोखीम पत्करतो ती बहुतांशी त्याची नसते. तो लोखंडी कवचात पट्टा बांधून बसलेला असतो आणि समोर पायी किंवा सायकलवर असलेल्या माणसाला आपण या जुगारात सामील आहोत हे माहीतही नसते.

कॅथलिक नीतिविचारात या भेदाची चर्चा दीडदोन शतके तीव्रतेने झाली. सालामांका येथील बार्तोलोमे दे मेदिना याने १५७७ साली असे मत मांडले की एखादे बंधन लागू आहे की नाही याविषयी प्रामाणिक संशय असेल, तर स्वातंत्र्याच्या बाजूचे मत आधारयुक्त असले की पुरे, मग विरुद्ध मत अधिक संभाव्य का असेना. पास्कालने १६५६-५७ मधील आपल्या पत्रांतून या संभाव्यतावादावर घणाघाती टीका केली. उलट, प्रत्येक संशयात सर्वांत सुरक्षित तेच करावे, हा दुसऱ्या टोकाचा पक्षही १६९० साली पोपने त्याज्य ठरवला, कारण त्याने जगणेच अशक्य होते. परंतु या वादातील सर्व पक्ष एका मुद्द्यावर एकत्र येत: झुडपामागे हालचाल दिसली आणि ते श्वापद आहे की माणूस याविषयी शिकाऱ्याला संशय असला, तर त्याने बाण सोडता कामा नये, मग ते श्वापद असण्याची शक्यता कितीही मोठी असो. कारण तेथे संशय बंधनाविषयी नाही, दुसऱ्याच्या प्राणाविषयी आहे.

मराठी वाचकाला या शिकाऱ्याचे नाव सांगावे लागत नाही. शरयूच्या काठी अंधारात घागर भरण्याचा आवाज दशरथाने ऐकला, तो हत्ती पाणी पीत असल्याचा असावा असे मानले आणि शब्दवेधी बाण सोडला. न्यायदर्शनात संशयाचे ठरलेले उदाहरण संधिप्रकाशात दिसणाऱ्या आकृतीचे आहे, हा खांब की पुरुष. आणि विशेष धर्म, म्हणजे एकाला दुसऱ्यापासून वेगळे करणारी खूण, दिसेपर्यंत निश्चय होत नाही, असे तेथे सांगितले आहे. दशरथाचा दोष त्याच्या नेमबाजीत नव्हता, हेतूत तर नव्हताच. जो संशय त्याला यायला हवा होता तो त्याच्या कौशल्यामुळे आला नाही, हा दोष होता, आणि रामायणाने तो क्षम्य मानलेला नाही. पुत्रवियोगाने त्याचे फळ त्याला भोगावे लागले. ऑक्टोबरच्या शेवटी पहाटे उन्हाळी टायरवर निघणारा कुशल चालकही अंधारातील आवाजावरच बाण सोडत असतो. पुढचे वळण कोरडे असण्याची शक्यता शंभरात पंचाण्णव असली, तरी त्या पंचाण्णवांनी उरलेल्या पाचांतला प्राण विकत घेता येत नाही.

मात्र यावरून हिवाळी टायर जितके लवकर चढवावेत तितके बरे, असा निष्कर्ष काढला तर तोही चुकीचा ठरेल. उबदार डांबरावर हिवाळी रबर जास्त मऊ पडते, त्याची झीज वेगाने होते आणि थांबण्याचे अंतर उन्हाळी टायरपेक्षा वाढते. म्हणजे सप्टेंबरच्या उन्हात किंवा मे महिन्यात ते ठेवणाऱ्या चालकाने सुरक्षिततेच्या नावाखाली दुसऱ्याला धोक्यातच घातलेले असते. झिजलेल्या खाचांचेही तसेच: कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी हिमावर उपयोगी पडण्यासाठी ४ मिलिमीटर खोली असावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे, आणि जुने हिवाळी टायर वेळेवर चढवून निश्चिंत झालेला माणूस कर्मकाल साधूनही कर्माला मुकलेला असतो. परक्याच्या प्राणाला जपण्याचे कर्तव्य म्हणूनच आंधळ्या घाईचे रूप घेऊ शकत नाही. ते ऋतूच्या दोन्ही टोकांना सारखेच लागू असते.

राहतो प्रश्न तो ज्यांना दुसरा संच घेणे परवडत नाही, किंवा ज्यांची वेळ यायची आहे आणि हिम आधीच येऊन पडले आहे त्यांचा. भारतीय विचारात प्रवृत्ती, म्हणजे कर्म करणे, आणि निवृत्ती, म्हणजे त्यापासून थांबणे, असे कर्तव्याचे दोन प्रकार मानले आहेत, आणि येथे दुसरा प्रकार पूर्णपणे खुला असतो: उन्हाळी टायर लावलेली गाडी हिमात दाराशी उभी असण्याला जर्मन कायद्याचाही आक्षेप नाही, आक्षेप ती चालवण्याला आहे, आणि ट्रामने किंवा आगगाडीने गेलेला माणूस आपल्या कर्तव्यात काडीमात्र उणा पडत नाही. ज्या वाहनांना हिवाळी टायरच्या सक्तीतून सूट आहे, त्यांत दुचाकी, शेती-वनकामाची वाहने आणि आजाऱ्यांच्या मोटारखुर्च्या मोडतात. त्यांच्यासाठी २०१७ पासूनच्या नियमात वेगाची ताशी ५० किलोमीटरची मर्यादा आणि पुढील वाहनापासूनचे अंतर यांच्या आधी एक अट घातलेली आहे. चालकाने निघण्यापूर्वी, प्रत्येक वेळी, स्वतःशी तपासून पाहायचे आहे की इच्छित ठिकाणी दुसऱ्या कोणत्याही वाहनाने पोहोचता येत नाही म्हणून हा प्रवास खरोखर आवश्यक आहे काय. आणि ही तपासणी त्याने केली की नाही, हे त्याच्याखेरीज कोणालाही कळण्याचा मार्ग नसतानाही राज्याने ती कायद्यात लिहिली आहे.